जादा किल्ली

वॉर्डात होते तेव्हा मला एकांत हवा असायचा. चहाचा कप तोंडाला लावावा, तर कुठून तरी "सिस्टर" अशी हाक यायचीच. पुढे पेशंट उचलता उचलता पाठ कामातून गेली. डॉक्टरांनी वजन उचलायला सक्त मनाई केली आणि मी घरी बसून पेशंटसाठी माहितीपत्रकं लिहायला लागले. आता चहा निवांत होतो. इतका निवांत, की दुपारी कुणाचा फोन आला तर आधी घसा खाकरावा लागतो, कारण सकाळपासून तोंडातून शब्द निघालेला नसतो.

"मजा आहे बुवा तुझी," धाकटा भाऊ म्हणतो. "ना ड्युटी, ना धावपळ." मजा कसली, कप्पाळ. पण त्याला सांगत कोण बसणार?

नोकरी अजून कच्ची होती. ऑपरेशननंतर घरी एकटे राहणाऱ्यांसाठी एक पत्रक लिहायचं होतं आणि ते जमलं तरच मला कायम करणार होते. पाठीमुळे परतीची वाट बंद, त्यामुळे ते जमायलाच हवं होतं. संपादक माझ्या भाचीच्या वयाची. तिने ते एकदा परत पाठवलं, आणि दुसऱ्यांदा फोनच केला.

"ताई, रागावू नका, पण हे बघा. 'उठताना कुणाचा तरी आधार घ्या.' 'जखम घरच्यांना दाखवा.' 'चक्कर आली तर हाक मारा.' कुणाला मारायची? तो माणूस एकटा आहे ना?"

रागावू नका म्हटल्यावर मी हमखास रागावते. उभा जन्म पेशंट घरी पाठवण्यात गेला आणि ही कालची पोर मला शिकवणार. फोन ठेवून पत्रक पुन्हा वाचलं, तर पोरीचं म्हणणं खरं होतं. पेशंटला घरी सोडताना आम्ही बोलतो त्याच्याशी, पण बघतो शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकाकडे. लिहितानाही माझी नजर तिथेच जात होती. एकट्या राहणाऱ्या बाईने एकट्यांसाठी लिहावं आणि घरभर माणसं आहेत असं धरून चालावं, म्हणजे कमालच.

मग मी स्वतःच पेशंट झाले. पोटाला टाके आहेत असं धरून पलंगावर आडवी पडले. पाणी स्वयंपाकघरात होतं. फोन टेबलावर चार्जिंगला. चष्मा कुठे, देव जाणे. कुशीवर वळायला गेले आणि पाठीत अशी कळ आली की नाटक तिथेच संपलं. मला हलताच येईना. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दाराला आतून कडी होती. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त, फार एकटं वाटलं. वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेलाही निदान शेजारची खाट असते.

बऱ्याच वेळाने कळ ओसरली. कोपरावर भार देत उठले आणि जसं घडलं तसं लिहून काढलं. फोन उशीजवळ ठेवा. पाणी हाताशी ठेवा. आतून कडी लावू नका, दार नुसतं ओढून घ्या. जादा किल्ली शेजारी देऊन ठेवा.

दुसऱ्या दिवशी पोरीचा फोन आला. "ताई, आता झकास झालंय. तुम्ही कायम झालात म्हणून समजा." मला बरं वाटलं. ती पुढे म्हणाली, "एकच शंका. लोक किल्ली देतील का हो? तुमची कुणाकडे असते?"

"आहे की, शेजारी," मी म्हटलं. चक्क थाप मारली.

फोन ठेवला आणि खणातून किल्ली काढली. घर घेतल्यापासून ती तिथेच पडून होती. समोरचं दार वाजवलं. अर्धवट विंचरलेल्या केसांनी एक बाई बाहेर आली. जिन्यात आम्ही एकमेकींकडे बघून मान हलवतो, तेवढीच ओळख. मी किल्ली पुढे केली.

"तुमच्याकडे राहू दे का?"

"राहू दे की," ती म्हणाली. "गावाला निघालात वाटतं?"

"नाही हो," मी म्हटलं. "घरीच असते मी. एकटीच असते."