पालखीमागे अडकलेली बस

दर्शन मुंबईत होता तेव्हा शिमग्याला हटकून गावी यायचा. आता रत्नागिरीच्या नव्या कारखान्यात लागला, रोज घरचं जेवायला लागला, आणि नेमकी शिमग्यालाच रजा नाही! आहे की नाही मजा? गावातली पंधरा पोरं तशीच परतली होती. लांज्यात अशा परतलेल्यांच्या जिवावर नवी हॉटेलं निघाली, अन् हातखंब्याला सकाळी गाड्यांची ही भलीमोठी रांग. उशीर तीनदा झाला की नोकरी गेली. दर्शनचे दोन होऊन बसले होते.

त्या सकाळी कंपनीची बस गावाबाहेर पडते न पडते तोच पुढ्यात ग्रामदेवीची पालखी! गावानं वेळ दरवर्षीचीच धरलेली. खांदा देणारे सगळे बसमध्ये असणार, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

घाटावरच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबला.

"अरे, देवी आहे ती!" सगळी बस त्याच्या अंगावर ओरडली.

"असू दे. आठच्या आत हायवेला लागलो नाही, तर हातखंब्याला मेलोच."

पालखीला चार म्हातारे. पुढच्या दांड्याला दर्शनचे वडील, हरिश्चंद्र. पालखी सहाणेवरच, देवीच्या ठरलेल्या चौथऱ्यावरच टेकवायची, वाटेत जमिनीला लावायची नाही, आणि बदली खांदा तर कुणीच नाही. त्यांचे पाय लटपटत होते. पण उतरतो कोण? सगळे मोबाइलात डोकं खुपसून बसले, मेले! दर्शनला आधी लाज वाटली, मग भीती वाटली. वडिलांचा तोल गेला तशी त्यानं बसमधून उडीच टाकली.

"बाबा, सरका. मी घेतो."

"गाडीत चढ."

"पडाल तुम्ही!"

"मी पडलो तर उठेन. तुझी नोकरी गेली तर परत मुंबई धरशील. मग शिमगा सोडून बाकीचं वर्ष घरात कोण रे? चढ म्हणतो ना!"

म्हाताऱ्यांनी पालखी कडेच्या गवतात घेतली. देवीनं गाडीला वाट दिल्याचं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. दर्शन चढला. हरिश्चंद्रांनी तिथंच गाऱ्हाणं घातलं, "आई, पोरं पोटासाठी निघाली. राग धरू नको. त्यांचं काम इथंच टिकू दे, म्हणजे ती तुझ्याजवळ राहतील!"

"व्हय म्हाराजा!" खिडक्याखिडक्यांतून पोरं ओरडली.

बस निघाली तसा दर्शन मागं वळून बसला. मागच्या काचेतून त्याला बाबांचा खांदा दांड्याखाली वाकत चाललेला दिसत होता. आठाला पाच मिनिटं होती, आणि तो वेळेवर पोचणार होता.