जोहारची बोली

कुणी पछाडलं ते विचारायचा जागर खरं तर रात्री घालतात. पण माझा गुमान रात्र काढेल असा कुणालाच भरवसा नव्हता, म्हणून भरदुपारी दारं लावून डमरूसारखा हुडका वाजवला. अजून धड बोबडंही न बोलणारं पोर, तापानं फणफणलेलं, माझ्या मांडीवर डोळे पांढरे करत होतं.

शेजारच्या धनसिंगच्या अंगात आलं. गाणाऱ्या जागरियानं हुडका थांबवून विचारलं, "कोण आलंस? काय हवंय?"

धनसिंग बायकी आवाजात बोलू लागला. वर जोहार खोऱ्याकडे बोलतात तसं, झरझर. जागरियानं कपाळाला हात लावला. "हे माझ्या बापालाही कळलं नसतं. आणि तिच्या बोलीत उत्तर मिळाल्याशिवाय ही हलायची नाही."

मला शब्द कळले नाहीत, पण आवाज ओळखला. माझी थोरली जाऊ, हरुलीदीदी. जोहारहून ब्वारी, म्हणजे सून होऊन आली तेव्हा तिनं तोंड उघडलं की सगळं घर हसायचं. मीही हसायचे. सासूबाई सर्वांत पुढे. "बोलतेस की मेंढरं हाकतेस गं?" हळूहळू दीदीनं बोलणंच टाकलं. गेल्या माघात गेली, तीही न बोलताच.

धनसिंगनं गुमानकडे हात पसरले. मी पोराला छातीशी आवळलं. "अरे, कुणीतरी बोला तिच्याशी!"

तेव्हा सासूबाई उठल्या. आपलं माहेर खालच्या गंगोलीत, असं त्या सांगायच्या. तिथलं कुणी कधी आलं मात्र नव्हतं. त्या धनसिंगसमोर बसल्या आणि जोहारीत बोलू लागल्या, जराही न अडखळता. सासरे आ वासून पाहत राहिले.

"काय मागतेय, आई?" मी विचारलं.

"गुमानला. म्हणते, पोराला अजून कुणाचीच बोली लागलेली नाही, मी माझी शिकवीन. बोलायला कुणीतरी हवंय तिला." सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आणि विचारते, तुम्हाला येत होती, तर एकदा तरी का बोलला नाहीत? काय सांगू, ब्वारी? मलाही हसले असते."

मग त्या धनसिंगकडे वळून पुन्हा काहीतरी बोलल्या. त्याचे हात खाली आले. संध्याकाळी ताप उतरला.

आता सासूबाई दिवसभर गोठ्याच्या दारात बसून जोहारीत बोलतात. मध्येच थांबून ऐकतात, मान डोलावतात. घसा पार बसलाय. परवा मी पाणी नेलं आणि म्हटलं, "आई, थोडा वेळ तरी गप्प बसा."

त्यांनी अंगणात खेळणाऱ्या गुमानकडे घाबरून पाहिलं, आणि बोलत राहिल्या.