तात्पुरती ओळ

“माझ्या मशीनवर चालतंय,” इशिकुरा तिसऱ्यांदा म्हणाला.

“मग तुझं मशीन काखेत मार आणि कामिहाताच्या नगरकचेरीत नेऊन बसव,” काट्सुबेसाहेब म्हणाले. “आणि तूही बस शेजारी. तिथल्या दोघी बायका साडेआठपासून कागदावर नावं लिहिताहेत. बारापर्यंत दुपारच्या फेऱ्यांची यादी चालकांच्या हातात पडली नाही, तर म्हातारी माणसं दवाखान्यात जाणार कशी? तुझ्या मशीनवर बसून?”

इशिकुरा बेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, पण त्याचे कान शाळकरी पोरासारखे लाल झाले. फुकुमासान आपल्या टेबलावरून सगळं ऐकत होती. मध्ये पडली नाही. साहेबांचा पारा चढला की तो आपोआप उतरू द्यायचा, हे ती त्यांच्या वडिलांच्या काळापासून शिकली होती.

कामिहाता हे मात्सुए शहरापासून तासाभरावरचं डोंगरातलं गाव. तिथे वयस्कर माणसांसाठी एक छोटी बस होती. सकाळी कचेरीत फोन करायचा, नाव सांगायचं, की बस दारात हजर. कोणाला कुठून उचलायचं, कुठे सोडायचं, हे ज्या प्रणालीत बसायचं ती काट्सुबेसाहेबांच्या या आठ माणसांच्या कंपनीने सोळा वर्षांपूर्वी रूबी भाषेत लिहिलेली. रूबी घडवणारा माणूस इथलाच रहिवासी, म्हणून मात्सुएत रूबीचा कोण अभिमान! स्टेशनापासून पाट्या आहेत. पण पाट्यांनी प्रणाली उठत नसते. शनिवार-रविवारी इशिकुराने ती जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवली, आणि सोमवारी सकाळी ती जी आडवी झाली ती झालीच. पडद्यावर एकच तक्रार: ‘योबिना’ नावाची लायब्ररी सापडत नाही.

लायब्ररी म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं, आपण आयतं वापरायचं काम. वाण्याकडे यादी द्यावी तशी रूबीला यादी द्यायची. ती एकेक लायब्ररी आणून भरते. इशिकुराने ती यादी तीनदा भरून घेतली होती. नव्वदच्या नव्वद लायब्रऱ्या जागेवर होत्या. आणि योबिना? योबिनाचं नाव यादीत मुळी नव्हतंच.

“यादीत नाही, तरी इथल्या सगळ्या मशीनवर सापडते. भुताटकी आहे का काय?” इशिकुरा पुटपुटला. मग त्याने धाडस केलं. योबिनाला बोलावणारी जागाच त्याने बंद केली. प्रणाली उठली! साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात कामिहाताहून फोन.

“अहो, आजोबा नाव सांगताहेत, मी टंकते आहे, आणि यादीत माणूसच नाही म्हणतंय,” पलीकडची बाई रडकुंडीला आली होती. “आजोबा मला विचारतात, मी मेलो की काय?”

त्या डोंगरातली जुनी माणसं आपल्या वळणाने बोलतात, त्यांचा ‘शि’ आणि ‘सु’ एकच. ते जसं नाव सांगतील तसंच टंकलं तरी नेमका माणूस सापडावा, हेच तर योबिनाचं काम होतं. ती नुसती काढून टाकून भागणार नव्हतं. इशिकुराने जागा पुन्हा उघडली, प्रणाली पुन्हा आडवी.

आता फुकुमासान उठली. फुकुमा काझुए, वय एकोणसाठ. पहिली पंधरा वर्षं तिने याच कंपनीत नुसती माहिती भरण्याचं काम केलं, आणि चाळिशी ओलांडल्यावर कंपनीतल्या जुन्या नोझूसाननी तिला रूबी शिकवली. येत्या मार्चमध्ये ती साठीची होणार. साठीनंतर कंपनी ठेवून घेते, कायदाच आहे. पण ठेवून घेणं वेगळं आणि काम देणं वेगळं. साहेबांनी तिला शब्द दिला होता, मार्चनंतरही बसची प्रणाली तुमच्याच हातात राहील. तेवढंच तिला हवं होतं. नवरा नाही, मूल नाही, आणि लपवायचं कशाला, त्या बसवर तिचा जीव होता.

“बिघडलेल्याला काय विचारत बसलायस?” ती इशिकुराला म्हणाली. “चालतंय त्याला विचार. तू ही लायब्ररी कुठून आणलीस, असं.”

हे तिचं नव्हे, नोझूसानचं. अडला की माणूस मोडक्या यंत्रापुढे मान घालून बसतो, चांगल्या यंत्राकडे बघतच नाही, असं ते म्हणायचे. इशिकुराने मागच्या खोलीतला जुना सर्व्हर चालू केला आणि त्याला विचारलं. सर्व्हरने मुकाट्याने पत्ता दिला: नोझू यांचं खासगी खातं, त्यातलं एक कपाट, म्हणजे फोल्डर.

नोझूसानना जाऊन दोन वर्षं झाली होती.

पुढचं उलगडायला वेळ लागला नाही. प्रणालीच्या अगदी सुरुवातीच्या फाईलमध्ये एक ओळ होती. यादी बघण्याआधी नोझूंच्या कपाटात बघ, असं ती रूबीला सांगत होती. ऑफिसातलं प्रत्येक नवं मशीन जुन्याची नक्कल करून बनायचं, त्यामुळे ते कपाट सगळ्यांच्या मशीनवर आपसूक जाऊन बसलं होतं. नवा सर्व्हर तेवढा कोरा. त्या ओळीच्या शेजारी शेरा होता: ‘तात्पुरते. नंतर यादीत घालणे.’ आणि बदलांच्या नोंदीत नाव नोझू, तारीख हेइसेई एकवीसच्या, म्हणजे २००९ च्या, नोव्हेंबरची सतरा.

“सापडले!” साहेबांनी टेबलावर हात मारला. “नोझूसान! अरे देवा, सोळा वर्षांचं तात्पुरतं!”

फुकुमासान ती तारीख बघत राहिली. 

सतरा नोव्हेंबरला नोझूसान मात्सुएत नव्हतेच. बहिणीच्या दिवसकार्याला ओकी बेटावर गेले होते आणि समुद्र खवळल्याने तीन दिवस बोट सुटली नव्हती. नगरकचेरीला दुसऱ्या दिवशी प्रणाली दाखवायची होती. सर्व्हरवर तेव्हा एकच खातं, नोझूंचं. त्यांनी धक्क्यावरून फोन केला होता, “माझ्या नावाने शिर आणि तिथून काम कर. योबिना अजून नीट बांधलेली नाही, जपून.” तिने जपून केलं नाही. ती तेव्हा नवखी, यादीत घालायचं तर दिवस गेला असता. तिने एका ओळीत भागवलं. दुसऱ्या दिवशी प्रणाली झकास चालली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ‘नंतर’ काही उजाडलं नाही. पाच-सहा वर्षांनी एकदा ती ओळ तिच्या डोळ्यांखालून गेली होती. तेव्हा तिने मनात म्हटलं, चालतंय ना, मग कशाला हात लावा?

आत्ताच बोलावं, असं तिला वाटलं. पण घड्याळात पावणेअकरा वाजले होते आणि बोलण्यापेक्षा हात चालवणं सोपं होतं. तिने नोझूंचं कपाट जसंच्या तसं प्रणालीच्या आत आणून ठेवलं, यादीत योबिनाचं नाव रीतसर घातलं, ती ओळ पुसली. इशिकुराने नव्या सर्व्हरवर भरलं. अकरा वीसला प्रणाली उठली. अर्ध्या तासात कामिहाताच्या दोघींनी कागदावरची नावं चढवली आणि पहिली बस वेळेवर सुटली.

“आता माफीचा अहवाल,” साहेब म्हणाले. त्यांनी तो जेवणाच्या सुट्टीत शिंपल्यांचं सूप पिता पिता लिहूनही टाकला. ‘कारण’ या रकान्यात एकच वाक्य होतं: माजी कर्मचारी (दिवंगत) नोझू यांनी निष्काळजीपणे ठेवलेली ओळ.

“असं लिहायचं?” फुकुमासानने विचारलं.

“नोंदीत त्यांचंच नाव आहे की. आणि गेलेल्या माणसाला कोण नोटीस काढतंय? तुम्ही-आम्ही वाचलो, इशिकुरा वाचला. नोझूसान असते तर तेच म्हणाले असते, टाका माझ्या नावावर.”

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे मेलेल्याच्या माथी मणभर दोष. कंपन्यांत ही रीतच आहे, जो गेला त्याच्या नावावर खपवायचं; फुकुमासानने असे दहा अहवाल तरी स्वतः टंकले होते. ती गप्प बसली. स्वतःची चीड आली तरी गप्प बसली, कारण मार्च डोळ्यांपुढे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आणि ती कामिहाताला गेले. मांडीवर मिठाईचा खोका. नगरकचेरीच्या छोट्या खोलीत दोघांनी कमरेत वाकून माफी मागितली. विभागप्रमुख सुतोसान यांनी खोका बाजूला ठेवला आणि अहवाल वाचायला घेतला. वाचता वाचता ते थांबले.

“नोझूसान म्हणजे ते? उंच, चष्मेवाले?”

“हो, तेच,” साहेब म्हणाले.

“बर्फात आले होते हो ते. तीन दिवस आमच्या टेलिफोनवाल्यांच्या शेजारी बसून होते. कोण म्हातारी आपलं नाव कसं सांगते, ते एका वहीत लिहीत होते. मला वाटायचं, काय बारकाईचा माणूस आहे!” सुतोसाननी चष्मा काढून पुसला. “माणसं ओळखण्यात चूक होते खरी. बरं. समितीपुढे ठेवतो हे.”

चहा घेऊन आलेली बाई, कालची फोनवरचीच, दारातच उभी राहिली. “नोझूसान असं अर्धवट सोडणारे नव्हते, साहेब,” ती म्हणाली.

“कागदावर आहे ना, बाई,” सुतोसान म्हणाले.

कागदावर आहे. बस्स! तीन दिवस बर्फात बसलेला माणूस एका वाक्यात निष्काळजी ठरला होता, आणि सांगणारा तिथे नव्हता. फुकुमासानने हातातली चहाची वाटी खाली ठेवली. 

“ती ओळ मी लिहिली आहे,” ती म्हणाली.

“फुकुमासान,” साहेब हळूच म्हणाले.

“त्या दिवशी नोझूसान ओकीला अडकले होते. मी त्यांच्या नावाने आत शिरून लिहिली. नंतर दिसलीही होती मला. आळस केला. नोझूसानचा यात काही दोष नाही. काल हे सांगायला हवं होतं, भीतीने सांगितलं नाही. माफ करा.” ती पुन्हा वाकली, आणि बराच वेळ वर आली नाही.

 मग सुतोसाननी अहवाल घडी घालून परत दिला. “दुरुस्त करून पाठवा,” ते साहेबांना म्हणाले. आवाजात राग नव्हता. “आणि नियमाप्रमाणे, ज्याच्या हातून झालं त्याच्याकडे ती प्रणाली ठेवता येत नाही. जबाबदार माणूस बदलावा लागेल. ते नावही कळवा.”

“कळवतो,” साहेब म्हणाले.

परतीच्या वाटेवर अर्धा डोंगर उतरून झाला. मग साहेब एकदम म्हणाले, “झाकली मूठ होती. कोणी उघडायला सांगितली होती? मी तुमचीच बाजू धरून लिहिलं होतं ना?”

“माहीत आहे, साहेब. उपकार आहेत तुमचे.”

“उपकार राहू द्या! बसची प्रणाली गेली की हातची. आता मार्चनंतर तुम्हाला देऊ काय? दारापाशी टेलिफोनचं टेबल आहे, एवढंच.”

“चालेल.”

“चालेल काय चालेल! वीस वर्षं रूबी लिहिलेली बाई टेलिफोन घेणार!” साहेब खरोखर चिडले होते, आणि ते आपल्यासाठी चिडले आहेत हे तिला कळत होतं. तिला रडू आलं. खिडकीकडे तोंड करून ती थोडं रडली. साहेबांनी रेडिओ लावला.

अहवाल तिने स्वतः पुन्हा टंकला. कारणाच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली सहीऐवजी आपला लाल शिक्का उमटवला. नव्या जबाबदार माणसाचं नाव इशिकुरा.

शुक्रवारी तिने त्याला सगळं समजावून द्यायला घेतलं. कुठली लायब्ररी कशावर अवलंबून, कोणाची आवृत्ती वाढवली की कोण रुसतं, चालकांची यादी कुठून निघते. इशिकुरा मान खाली घालून लिहून घेत होता. त्याला तिच्या नजरेला नजर देता येत नव्हती. शेवटी योबिनाची पाळी आली.

“हिच्याबद्दल एक पिवळा इशारा येतोय सारखा,” तो म्हणाला. “लायब्ररीची ओळख पूर्ण भरलेली नाही म्हणतंय. सोमवारी घाईत लेखकाचा रकाना रिकामाच राहिला. तुमचं नाव घालू ना? यादीत तुम्हीच आणलीत.”

“सरक,” ती म्हणाली. खुर्ची पुढे ओढून तिने लेखकाच्या रकान्यात नोझूसानचं पूर्ण नाव टंकलं. पिवळा इशारा गेला.

इशिकुरा त्यांना कधी भेटला नव्हता. ते गेल्यावरच तो कंपनीत आला होता. त्याने नाव दोनदा वाचलं. “पण फुकुमासान, हा रकाना असतो तो पुढे काही अडलं तर कोणाला विचारायचं, त्यासाठी. हे तर आता नाहीत. मग विचारायचं कोणाला?”

“मला विचार,” ती म्हणाली. “मार्चपासून दारापाशीच बसणार आहे मी.”