फोटोतलं सूप

"काका, फोटो काढून झाल्यावर ते सूप खातं कोण?"

टिवटिवने विचारलंच! खिडकीबाहेर तिच्या मैत्रिणी काचेला नाक लावून उभ्या होत्या. काकांना हे विचारून दाखवायची पैज लागली होती, आणि पैज म्हटली की ही मागे हटणारी नव्हे. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानाही तिची बोबडी वळायची. मग शाळेच्या नाटकात एकदा दणकून टाळ्या पडल्या, आणि तोंड जे सुटलं ते सुटलंच. घरच्यांनी नावच ठेवलं, टिवटिव.

फोटोकाका, म्हणजे बाबांचे जुने मित्र, कॅमेरा घेऊन टेबलावर वाकले होते. बाबांच्या खानावळीत दर सोमवारी ते एका पदार्थाचा अगदी जवळून फोटो काढत. मग तो भलामोठा होऊन बाहेरच्या फलकावर झळके.

"खातं म्हणजे... खातंच की कोणीतरी. तू शाळेत जा बरं!"

"आज सुट्टी आहे."

"मग अभ्यास कर!"

एवढ्याशा प्रश्नाला एवढा घाम? टिवटिवच्या मनात पाल चुकचुकली.

त्याला कारणही होतं. स्वयंपाकघरातल्या डझनभर छोट्या वाट्यांपैकी सात गायब झाल्या होत्या, आणि आईचा संशय भांडी घासणाऱ्या मावशींवर होता. "बाईंशिवाय भांड्यांना हात लावतंय कोण? उद्यापासून येऊ नका म्हणून सांगते," आई सकाळीच म्हणाली होती, तेही मावशींना ऐकू जाईल असं. मावशी रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त आपली पिशवी ओट्यावर उलटी केली. डबा, चष्म्याचं घर, घडीची छत्री. मग ते सगळं तसंच पसरलेलं ठेवून पातेली घासायला बसल्या. ते पाहून टिवटिवने चहाचा कप तसाच बाजूला सारला होता.

आणि तिला आठवलं होतं, वाटी हरवते ती सोमवारीच. मावशी तर रोज येतात. फक्त सोमवारी येतात ते एकटे फोटोकाका!

ती शेजारच्या टेबलावर पुस्तक उघडून बसली. नजर पुस्तकात, लक्ष काकांकडे.

थोड्या वेळाने काका उठले, स्वयंपाकघराच्या दारातल्या मांडणीपाशी गेले, इकडे तिकडे पाहिलं आणि एक वाटी मुठीत दडवून आणली. सापडले! आता ती खिशात जाणार...

पण वाटी गेली खोलगट बशीत. उपडी! काकांनी वरून सूप ओतलं, वाटी बुडाली. मग तिच्या पाठीवर चिमट्याने गाजराचे तुकडे रचले, वाटाणे मांडले, ब्रशने तेल लावून चमकवले. कॅमेऱ्यात पाहावं तर सूप भाज्यांनी नुसतं गच्च! बाबांच्या खऱ्या सुपात वाटाणे गुपचूप तळाशी बसतात. म्हणून हे नाटक होय!

फोटो झाला. काकांनी बशी उचलली आणि मागच्या दाराजवळच्या खरकट्याच्या पिंपात उपडी केली. आत मिक्सर घरघरत होता, पण टिवटिवने ऐकलं.

टण्ण.

तिने कोपरापर्यंत हात घातला. ई! पण वाटी निघाली.

ती तशीच ठिबकती वाटी घेऊन ती स्वयंपाकघरात शिरली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मागोमाग आलेले काका चाचरले, "अहो वहिनी, तेलकट राडा तो. त्यात हात कोण घालणार? म्हणून मी आपलं सगळंच..."

आईचा चेहरा उतरला. बाबा मात्र रिकामं पातेलं ढवळत होते.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"वाटी आत ठेवतो, हे माहीत होतं," बाबा पुटपुटले. "टाकून देतो, हे नव्हतं गं."

मावशींचे हात थांबले होते. नळ तेवढा वाहत होता.

टिवटिवने तो बंद केला, वाटी ओट्यावर आपटली आणि नाटकात काढला होता त्याहून मोठा आवाज काढला.

"आई, मावशींची पिशवी आधी तू भरायची. तुझ्या हाताने, त्यांची माफी मागून. आणि बाबा, माझं ठरलंय! पुढच्या सोमवारपासून फोटो मी काढणार. गिऱ्हाइकाला देता तीच बशी, तेच सूप. वाटाणे बुडाले तर बुडाले!"