धुतलेला घास

मित्रांनो, मी एक जुनी, काठाचा टवका उडालेली बशी आहे. बोलायचा उत्साह आता फारसा उरलेला नाही, तरी सांगते.

भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या काठावर निळी वेल होती आणि जोडीला एक कप होता. पाहुणे आले की आम्ही कपाटातून निघायचो आणि कौतुक करून घ्यायचो. मग कप फुटला. एकट्या बशीला कोण विचारतो? माझी रवानगी थेट फरशीवर, ठमी मांजरीपुढे झाली. तिची खरखरीत जीभ सोसून सोसून वेलही पुसली गेली.

हे घर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांचं. काकू गेल्यापासून घरात ते आणि ठमी, दोघंच. ठमीला दिल्याशिवाय काकांच्या घशाखाली घास उतरत नसे. रश्शातले मटणाचे तुकडे ते नळाखाली धरून चोळचोळून धुवायचे. "तिखट लागेल गं बाईला," म्हणायचे. लोकांच्या घड्याळांचेही एवढे लाड त्यांनी कधी केले नाहीत.

पुढे ठमी मलूल झाली. मी भरलेली तशीच राहू लागले. तिच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, लघवी लालसर झाली, तेव्हा काकांचं धाबं दणाणलं. तिला टोपलीत घालून आणि उरलेल्या घासासकट मला कागदात गुंडाळून ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले.

बाईंनी मला नाकाशी धरलं. "काका, यात कांदा-लसूण आहे."

"अहो, पण धुऊन देतो मी!"

"तिखट जातं धुऊन. कांदा शिजताना आत मुरतो, तो कसा जाईल? मांजराचं रक्तच नासतं त्यानं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, तेही कधी देऊ नका."

"म्हणजे माझ्याच हातानं..." काका ठमीच्या टोपलीवर वाकले. मला फार वाईट वाटलं.

ठमीला सलाईन लागलं, दुसऱ्या मांजराचं रक्त द्यावं लागलं. ती वाचली, पण माझ्यासारखीच थकून घरी आली. काकांनी तिच्यासाठी दुकानातून मांजरांचं खाणं आणलं. तरी आपल्यातलं तिला न देता जेवणं त्यांना जमेना. शेवटी त्यांनी स्वतःच्याच पातेल्यातला कांदा-लसूण बंद केला. आता मटण नुसतं उकडतात. आधी माझ्यात एक तुकडा, मग स्वतःच्या ताटात मीठ.

मित्रांनो, आम्हा बशांना नको म्हणता येत नाही. जे वाढाल ते आम्ही निमूट पुढे करतो, आणि मांजर विश्वासाने चाटूनपुसून खातं. तुमची माया खरीच असते, पण वाढण्याआधी कुणाला तरी विचारत चला.

काल काकांनी सवयीने तुकडा नळाखाली धरला. मग धुण्यासारखं काहीच नाही हे आठवून तो तसाच माझ्यात ठेवला. ठमी हळूहळू उठून आली.