दोन बलक

केंद्रशासित प्रदेशाचे राज्य होऊन सहा महिने झाले होते आणि पेडण्याच्या उत्सव समितीने त्या आनंदाप्रीत्यर्थ पाककला स्पर्धा योजली होती. प्रमाणपत्रे कोकणीत छापावीत की मराठीत, यावर समितीने तीन बैठका घेतल्या. बिस्किट कशाला म्हणावे आणि केक कशाला, हे मात्र चहा येईपर्यंतच्या अवकाशात ठरले. पत्रकाच्या पाठीमागे नियम होता : ज्यात अंडे तो केक, ज्यात नाही ते बिस्किट. प्रमाणपत्रे अखेर कोरीच आली. मजकूर हाताने भरायचा होता, आणि माझे अक्षर बरे असल्यामुळे मला परीक्षक नेमले होते.

डिचोलीहून दोन बसगाड्या बदलून मी शाळेच्या सभागृहात पोचलो. प्रत्येक खुर्चीवर समितीची नवी स्मरणिका ठेवलेली होती. तिच्यात या तालुक्यातील घरगुती पदार्थांवर माझा लेख होता. बिस्किटांच्या टेबलापाशी भागीरथी परब आपले ताट घेऊन उभी दिसली, आणि त्या क्षणी मी काय करून बसलो आहे ते मला कळले. त्यानंतर मला एका खुर्चीवर दोन मिनिटे बसवेना.

मी लिहिले होते, आणि आजही तेच म्हणेन, की बिस्किट आणि केक यांतला भेद अंड्याने ठरत नाही, शिळेपणाने ठरतो. उघडे राहिलेले बिस्किट हवेतला ओलावा पिऊन मऊ पडते. केक आपला ओलावा हवेला देऊन कडक होतो. पुराव्यादाखल मी भागीरथीची रव्या-खोबऱ्याची बिस्किटे दिली होती : शेर रव्याला अंड्याचे दोन बलक, तरीही निःसंशय बिस्किट. सिद्धान्त निर्दोष होता. उदाहरणालाही शेजारीपाजारी असतात, एवढेच माझ्या ध्यानात आले नव्हते.

ही विधवा बाई तरुणपणी वास्कोला एका ख्रिस्ती घरात स्वयंपाकाला होती. ही बिस्किटे आणि ती भाजायचा मातीचा फोर्न, दोन्ही ती तिथून शिकून आली. परतल्यावर दोन वर्षे गावात तिच्या हातचे पाणी कोणी घेतले नाही. मग भजनी सप्ताहाच्या चहाबरोबर द्यायची बिस्किटे सांगायला दत्तारामबुवा स्वतः तिच्या दारी गेले, आणि ती पुन्हा गावातली झाली. त्याला अकरा वर्षे लोटली होती. सप्ताहाच्या वाऱ्यालाही अंडे चालत नाही.

मी दाराशी गेलो, घड्याळ पाहिले, परत आलो. कोणी स्मरणिका वाचत नाही, हा आमच्या संस्कृतीवरचा माझा जुना आरोप आहे. त्या दुपारी माझी सारी भिस्त त्यावरच होती.

समितीचा अध्यक्ष मधुकर याने मात्र ती वाचली. स्वतःचे छायाचित्र शोधताना तो माझ्या लेखाशी अडखळला.

"मास्तर," तो पानावर बोट ठेवून म्हणाला, "हंय दोन बलक म्हणून लिवलांसा. काकीच्या बिस्किटात अंडा?"

मी ओलाव्याचा सिद्धान्त सांगू लागलो.

"ता ऱ्हवांदे हो. अंडा आसा काय ना?"

तीस वर्षे मी इतरांच्या ग्रंथांतील मुद्रणदोषांच्या याद्या प्रसिद्ध करीत आलो आहे. एका प्राध्यापकाने त्यापायी माझ्याशी बोलणे सोडले. तो मी म्हणालो, "छापखान्याची चूक आहे. 'दोन बलक' हे शब्द खालच्या परिच्छेदातून वर आले."

मधुकरचा चेहरा सैलावला. त्याला भांडण नको होते; त्याला पाच वाजता पाहुण्यांचे भाषण हवे होते. "बघा! माका वाटलाच," असे म्हणून तो पान मिटणार, तोच भागीरथीने ताट टेबलावर आपटले.

"खोटा कित्याक बोलतास, मास्तर? बलकाशिवाय असो रंग येता काय?"

"काकी, गप ऱ्हव," मधुकर पुटपुटला.

"कित्याक? अंडा आसा. दोन. मगाशी तीन खाल्लंस तेव्हा गोड लागला मां?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसले. मधुकर लाल झाला. "आणि सप्ताहाक दितंस ती?"

"त्येंचो डबो वेगळो. त्यात अंडा ना, म्हणान ती फातरासारी. दत्तारामबुवांनू, तुमीच सांगा, तुमचो दात कित्यान पडलो?"

भजनी मंडळाचे दत्तारामबुवा पहिल्या रांगेत होते. त्यांनी तोंड उघडले. दाताची रिकामी जागा सगळ्या सभागृहाला दिसली. "सप्ताहातच पडलो," ते म्हणाले. "काकीच्या बिस्किटान." याहून सबळ पुरावा मी आयुष्यात पाहिलेला नाही. पण मग त्यांची नजर आजूबाजूच्या चेहऱ्यांवरून फिरली आणि आवाज खाली आला. "पण भागीरथी, फोर्न एकच मां गो?"

एकच होता.

समितीने कोपऱ्यात उभ्या उभ्या निर्णय घेतला, आणि तो त्यांच्या परीने उदार होता. कोणाचा अपमान करायचा नाही. सप्ताहाला यंदापासून दुकानातली पाकिटे आणायची. भागीरथीचे ताट केक विभागात हलवायचे. तिथे एकच प्रवेशिका होती, तीही करपलेली, त्यामुळे पहिला क्रमांक आपोआपच तिचा.

"लिवा, मास्तर," मधुकर म्हणाला आणि कोरे प्रमाणपत्र माझ्यापुढे सरकवले. "केक. प्रथम क्रमांक."

ताटातली बिस्किटे दुपारभर उघडी होती. मी एक उचलून दाबले. कडेने ते मऊ पडले होते. हे मी सांगितले. मधुकरने घड्याळ पाहिले.

मी भागीरथीकडे वळलो. "तुम्ही सांगाल तर लिहिणार नाही."

"आता विचारतास?" ती म्हणाली. "लेख लिवताना विचारूचा होता."

ती ताटातली बिस्किटे एकेक करून डब्यात भरू लागली. मी टोपण काढले आणि अत्यंत सुवाच्य अक्षरात 'केक' असे लिहिले. शाई वाळण्यापूर्वीच टाळ्या सुरू झाल्या. तोवर ती फाटकाबाहेर गेली होती.