चव तीनदा बघायची

बाबा गेल्यापासून आईच्या तोंडाची चव गेली होती. अगदी खरोखरची. लिंबाची फोड चोखली तरी चेहरा कोरा. आणि ही बाई बत्तीस वर्षं जॅमच्या कारखान्यात चव बघायच्या कामावर! तिनं मान हलवल्याशिवाय एक बरणी बाहेर पडत नसे. आता चार महिने ती दोन घास गिळायची, "बरंय" म्हणायची आणि खोलीत जाऊन पडायची. मला त्या "बरंय"ची धास्तीच बसली होती.

रविवारी दुपारी माझी धाकटी बहीण पिशवी घेऊन उगवली. ती रोपवाटिकेत काम करते. आम्ही तिला चिमणी म्हणतो; वजन ऐंशी किलो. पिशवीत नासपती, सफरचंदं, आलुबुखार आणि वाळवलेल्या पाल्याफुलांच्या तीन पुड्या होत्या: लेमन बाम, कॅमोमाईल, लॅव्हेंडर.

"यानं मन हलकं होतं म्हणे," चिमणी म्हणाली. "फळं साखरेच्या पाण्यात मऊ शिजवायची आणि त्यात हा पाला घालायचा. कॉम्पोट म्हणतात."

"तुझ्या 'म्हणे'वर आजवर काय काय गिळलंय मी!"

पण सुरी मीच हातात घेतली. बुडत्याला काडीचा आधार, इथे तर अख्खा पाला होता.

आईची शिस्त आमच्या अंगात मुरलेली. चव तीनदा बघायची: गरम, कोमट, गार. दर खेपेला नवा चमचा. नवीन काही पडलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि आम्ही दोघी, त्यामुळे सगळं दुप्पट.

लेमन बाम पडला. चाखलं.

"फरक पडतोय गं ताई," चिमणी गंभीरपणे म्हणाली.

"कुठे?"

"गुडघ्यात."

मला हसू फुटलं. माझं बघून तिला. कॅमोमाईल घातल्यावर तर आम्ही एकमेकींकडे बघायचीही सोय राहिली नाही. चमचे संपले, मग वाट्या काढल्या, वाट्या संपल्यावर पळी. "लागू पडलं! लागू पडलं!" करत चिमणीनं लॅव्हेंडरची अख्खी पुडी उपडी केली. पुन्हा गरम, कोमट, गार. मी पोट धरून फरशीवर बसले. चार महिन्यांत आपण एकदाही हसलो नव्हतो, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

मग पातेल्यात डोकावले. तळाला चमचाभर पाक आणि नासपतीची एक फोड.

"चिमणे, आईला काय द्यायचं?"

दोघींचं हसू जागच्या जागी विरलं. मला इतकी लाज वाटली की चिमणीला एक ठेवून द्यावी आणि मग स्वतःलाही.

"काय चाललंय?" दारात आई उभी होती.

"तुझ्यासाठी केलं होतं," चिमणी पुटपुटली. "संपलं."

आईनं पातेलं ओढलं. स्वच्छ चमचा एकही नव्हता, म्हणून तळातून बोट फिरवून तोंडात घातलं. मी "बरंय" ऐकायची तयारी केली.

तिचं नाक आक्रसलं. तोंड वाकडं झालं. धावत जाऊन ती सिंकमध्ये थुंकली.

"शी! कपडे धुतलेत का यात? नुसता साबण लागतोय! एवढं फूल कोणी घातलं?"

चिमणीनं माझ्याकडे बोट दाखवलं, मी तिच्याकडे.

"आई," मी तिचा दंड धरला, "साबण लागतोय तुला?"

"मग काय अमृत लागेल? आणि सफरचंदं आधी टाकलीत ना? लगदा झालाय सगळा. एवढी वर्षं काय शिकवलं मी तुम्हाला?"

चिमणीनं भोकाड पसरलं आणि ऐंशी किलोंसकट आईच्या गळ्यात पडली.

"अगं, मोडशील मला!" आई ओरडली आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "तू काय बघत बसलीस? नासपती घेऊन ये. कडक बघून आण."

मी चप्पल न घालताच धावले. फळवाल्यानं किती किलो म्हणून विचारलं, तर हसता-रडता मला सांगताच येईना.